पानाचा आळ

माझ्या वहिनीला नावं ठेवणारी माणसं मला पुष्कळ भेटली. कलकत्त्यात मराठी मंडळी मूठभर, त्यामुळे एका घरात भांडं पडलं की दहा घरांत आवाज जातो. "एवढी लक्ष ठेवणारी बाई, आणि तिला दिसलं कसं नाही?" असं एका हळदीकुंकवात माझ्या तोंडावर विचारलं गेलं. मी वाटी खाली ठेवली आणि उठून आले. मी नणंद. नणंदेने भावजयीची बाजू घ्यायची नसते, असा जगाचा समज आहे. तो जगाने आपल्यापाशी ठेवावा. त्या घरात मी होते, विचारणाऱ्या बाई नव्हत्या.

माझा भाऊ श्यामकांत केंद्र सरकारच्या नोकरीत होता. बदली होऊन कलकत्त्याला आला आणि इथेच रमला. पुढची बदली आली की साहेबांना भेटून टाळायचा. मला इथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मीही त्याच्याकडे राहायला आले. दादा, प्रेमलतावहिनी आणि मी, एवढंच घर. त्यांना मूल नव्हतं आणि मी लग्न केलं नव्हतं. त्यामुळे आम्हा तिघांना एकमेकांवर चिडायला भरपूर वेळ मिळे.

आम्ही बागबाजारात तारकबाबू मित्रांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली ते एकटे राहत. बायको कधीच वारलेली. वहिनीला ते 'बौदी' म्हणत, म्हणजे वहिनीच, आणि दादाला 'बर्गी'. पूर्वी मराठी घोडेस्वार बंगालवर चालून यायचे, त्यांना इथली माणसं त्या नावाने ओळखत. "तुम्हाला अडवायला आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला," तारकबाबू सांगायचे, "आणि मी मूर्ख, मी तुम्हाला जिना दाखवला." हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल, देव जाणे. दादा दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा.

संध्याकाळी ऑफिसातून आला की दादा दारापुढच्या ओट्यावर तारकबाबूंच्या शेजारी बसे. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पानं येत. तारकबाबूंचं गोड, दादाचं जर्द्याचं. मग दोघं तासभर बसून राहत. पुष्कळदा बोलतसुद्धा नसत. वहिनी वरच्या गॅलरीतून बघायची आणि मला म्हणायची, "बघा वन्सं, दोन बैल रवंथ करतायत." दादाचे ओठ कायम रंगलेले. शर्टाच्या खिशापाशी डाग. साबण, लिंबू, ताक, सगळं लावून ते डाग काढण्यात वहिनीचं निम्मं आयुष्य गेलं, असं तीच म्हणायची.

पंचावन्न सालच्या आषाढात दादा ऑफिसच्या जिन्यावर छाती धरून बसला. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वाचला. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला महिनाभर गादीवरून उठू दिलं नाही, आणि मग घरी पाठवताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून. गोळ्या नव्या होत्या आणि जपून घ्यायच्या होत्या. दर आठवड्याला धरमतल्ल्याच्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यायचं, ते किती वेळात गोठतं ते बघून डॉक्टर गोळी कमीजास्त करणार. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाही. "कुठूनही रक्त येताना दिसलं तर मला लगेच कळवा," डॉक्टरांनी वहिनीला बजावलं. शिवाय जर्दा बंद.

वहिनीने त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घातलं. दादाचं दाढीचं सामान तिने कपाटात कुलपात टाकलं, वस्तऱ्याने कापलं तर काय घ्या. त्याबरोबर आरसाही गेला. फळं तीच चिरून देई, सुरीला त्याला हात लावू देत नसे. सकाळी मोरीत जाऊन लघवीचा रंग बघे. पायाला काही टोचू नये म्हणून घरात त्याला चपला घालायला लावल्या. देवघर असलेल्या घरात चपला! माझी आई असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आणि डॉक्टरांनी जर्दा बंद म्हटलं होतं, वहिनीने पानच बंद केलं. कात नको, चुना नको, सुपारी नको, ते दुकान नको, तो ओटाही नको.

"अगं, साधं पान तरी," दादा गयावया करी.

"साध्याचं जर्द्याचं व्हायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. मला विधवा करायची घाई झाली असेल तर खुशाल खा."

दादा तोंड फिरवी. दाढी वाढलेला, आरामखुर्चीत बसलेला, गोसाव्यासारखा दिसे. तारकबाबू संध्याकाळी वर येऊन त्याच्यापाशी बसत. ते आले की वहिनी काही तरी निमित्त काढून त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत राही. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पान दोघांचं होतं, त्यामुळे गुन्हाही तिच्या लेखी दोघांचा होता. मला हसू यायचं. पण तिच्या पहाऱ्यात दादा सावरत होता हेही खरं. गालांवर पुन्हा मांस दिसू लागलं होतं. भाद्रपदात तो जिना उतरून चढला आणि वहिनीने देवापुढे साखर ठेवली.

आश्विनात आमच्याकडे घट बसले आणि दुसऱ्याच दिवशी दादाला ताप भरला. उतरेना. पोट दुखे, जीभ पांढरी, खाण्यावरची वासना उडाली. मोठे डॉक्टर पूजेच्या सुट्टीत दार्जिलिंगला गेले होते. कलकत्त्यात पूजेच्या दिवसांत आजारी पडायचं नसतं. सगळं शहर एक तर मांडवात असतं नाही तर डोंगरावर. तेव्हा वहिनीने 'आपल्या' डॉक्टरांना निरोप धाडला.

आपले डॉक्टर म्हणजे माधवराव. लष्करातून निवृत्त होऊन बराकपूरला राहिले होते. मराठी घरांत कुणाचं काही दुखलंखुपलं की स्यालदाची गाडी पकडून यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, पिठलंभात जेवून जायचे. भला माणूस. मी त्यांनाही बोल लावत नाही. त्यांनी दादाचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विषमज्वराची शंका आहे म्हणाले. नवीन निघालेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दर सहा तासांनी एक.

"पूर्वी या तापाला एकवीस दिवस देवाचं नाव घेत बसायचो," ते म्हणाले. "आता आठवड्यात माणूस उठून बसतो. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"हृदयाच्या गोळ्या आहेत," वहिनी म्हणाली आणि बाटली आणून दाखवली. औषधाच्या दुकानातून भरून मिळालेली बाटली. तिच्यावर दादाचं नाव आणि 'रोज रात्री एक' एवढंच लिहिलेलं.

"त्या चुकवू नका हं. हृदयाच्या गोळ्या चुकवायच्या नसतात."

चुकवणार कशी? वहिनी मरण चुकवील पण गोळी चुकवणार नाही. पहाटेची कॅप्सूल द्यायला ती गजर लावून उठायची. गोळीही ती, कॅप्सूलही ती, साबुदाण्याची पेजही ती. दादा पेजेचे दोन घोट घेई आणि वाटी सरकवी. भाजी नाही, फळ नाही, काही नाही. त्या आठवड्याचं रक्त तपासायचं राहिलं, कारण तापातल्या माणसाला ट्रामने धरमतल्ल्याला नेणार कसं? पुढच्या आठवड्याचंही राहणारच होतं, कारण पूजेसाठी प्रयोगशाळाच बंद. एवढ्याने काय होतंय, असं आम्हाला वाटलं. ताप मात्र खरोखरच उतरू लागला. माधवराव पुन्हा येऊन गेले आणि खूष झाले.

सप्तमीला सकाळी वहिनी दादाच्या खोलीतून तांब्या आणि चूळ भरायचं भांडं घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. भांडं तिने माझ्या नाकाखाली धरलं. तळाशी तांबूस पाणी होतं.

"बघा. बघा आपल्या भावाचे प्रताप."

आम्ही दोघी आत गेलो. दादा उशीला टेकून बसला होता. त्याच्या ओठांच्या कडा रंगलेल्या होत्या. दाढीत, हनुवटीपाशी, एक तांबडा ओघळ वाळलेला. पंधरा वर्षं आम्ही त्याचं तोंड असंच पाहत आलो होतो. उलट गेल्या तीन महिन्यांत ते फिकं तोंडच आम्हाला परकं वाटत होतं. मलाही दुसरं काही सुचलं नाही, हे आधीच सांगते.

"कोणी आणून दिलं?" वहिनीने विचारलं.

"काय?"

"पान."

"पान? अगं, मी पाणी प्यायला उठत नाही, पान कुठून खाणार?"

"मग हे तोंड कशाने रंगलं? माझ्या कुंकवाने?"

दादाने बोट ओठांना लावून पाहिलं. "हिरडी दुखावली असेल. घासताना लागलं असेल काही तरी."

"हिरडी! पंधरा वर्षं खिशाचे डाग धुतेय मी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"दादा, खरं सांग बाबा," मी म्हटलं. "खाल्लं असशील तर खाल्लं म्हण."

"नाही खाल्लं." मग माझ्याकडे बघून हसला. दातांच्या फटी लाल दिसल्या. त्या हसण्याने तर वहिनी पेटलीच. चोरी करून वर हसतो, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "खरं सांगेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही." आणि अबोला धरला.

वहिनीचा अबोला म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा धरला होता, तेव्हा दादा चक्क आमच्या आईला पत्र लिहून मोकळा झाला होता, की येऊन हिला बोलती करा. ती कामात कसूर करायची नाही. पाणी तापवून द्यायची, अंग पुसायची, कॅप्सूल हातावर ठेवायची. पण तोंडातून शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत. "वन्सं, त्यांना सांगा पेज घ्या." दादा तीन हातांवर बसलेला. "कालिंदी, तिला सांग, नको." मी म्हणायची, "मी काय तारऑफिस आहे?" बाहेर मांडवात ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल, बडवत होते, पोरं नवे कपडे घालून धावत होती, आणि आमच्या घरात ही तऱ्हा.

अष्टमीला भांडं पुन्हा तांबडं. उशीच्या अभ्र्यावर डाग. वहिनी काही न बोलता अभ्रा बदलायची आणि नळाखाली धरून चोळत बसायची. संध्याकाळी माधवराव बागबाजारची देवी बघायला आले होते, ते जाताजाता डोकावले. वहिनीने त्यांच्याकडे तक्रार केली. "चोरून पान खातात हो. तुम्हीच सांगा चार शब्द."

माधवरावांनी दादाकडे पाहिलं आणि बोट नाचवलं. "काय श्यामकांतराव! ताप उतरला नाही तोच तोंड रंगलं?" आणि हसले. दादाने हात जोडले. आता याही माणसाला काय सांगायचं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. वहिनीने डॉक्टरांच्या डोक्यातच पान भरवल्यावर त्यांनी तोंड उघडून कशाला पाहायचं? ते देवीच्या रोषणाईबद्दल बोलले आणि गेले.

नवमीला दुपारी मी दादाच्या खोलीत बसले होते. तो थकलेला दिसत होता. डोकं जड आहे म्हणाला. वहिनी पेज घेऊन आली, स्टुलावर ठेवली आणि वळली.

"लता," दादाने हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही. "खाल्लं गं बाई. एक खाल्लं पान. झालं समाधान? आता तरी बोल."

वहिनी वळली. रागाने नव्हे. तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला अजून दिसते. "कोणी दिलं?"

दादा थोडा थांबला. "तारकने. आणखी कोण देणार?"

"वाटलंच मला. त्या दिवशी काय बिघडलं असतं खरं सांगायला? उगीच माझा जीव टांगून ठेवलात." आणि ती बोलू लागली. बाहेरचे ढाक, मोलकरणीची दांडी, नारळाचे वाढलेले भाव, सगळं साचलेलं एका दमात. पेज स्वतः भरवली. दादा डोळे मिटून ऐकत होता आणि चांगला अर्धा वाडगा पेज प्यायला. त्याला बरं वाटत होतं. मीही उठून चहा टाकला. घर पुन्हा घरासारखं झालं, असं मला वाटलं. वहिनी रात्री मला म्हणाली, "नाक दाबलं की तोंड उघडतं, वन्सं. पुरुषांना असंच वागवावं लागतं."

दशमीला संध्याकाळी देवीचं विसर्जन झालं की इथे लोक एकमेकांना कवटाळतात, थोरांच्या पाया पडतात, गोड खाऊ घालतात. तारकबाबू दरवर्षी गंगेवरून परतले की आधी आमच्याकडे येत, दादाला मिठी मारत. आमचा दसरा आणि त्यांची बिजया एकाच ताटात. त्याही वर्षी ते धुतलेलं धोतर नेसून, हातात संदेशची हंडी घेऊन वर आले. दार वहिनीने उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आत येऊ नका," ती म्हणाली. बंगाली तिला मोडकंतोडकंच येई, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. "त्यांनी सगळं सांगितलंय मला. तुम्ही त्यांना पान दिलंत. मरणातून परत आलेल्या माणसाला. मित्र म्हणवता? त्यांच्या जिवावर उठलात तुम्ही."

तारकबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. मग मान खाली घातली. "चूक झाली, बौदी," ते म्हणाले. "पुन्हा होणार नाही." हंडी उंबऱ्याशी ठेवली आणि जिना उतरून गेले. सत्तरीला आलेला माणूस, कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होता. मला लाज वाटली. वहिनीला वाटली नाही. तिने आपल्या परीने नवरा वाचवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालून दूध घेऊन परतले तर तारकबाबू जिन्याच्या तोंडाशी माझी वाट बघत उभे होते.

"कालिंदीदिदी, रागावू नका. एक विचारतो. बर्गीला पान कोण आणून देतं?"

"म्हणजे? तुम्हीच ना?"

"मी नाही दिलं. देवीची शपथ. काल बौदी म्हणाल्या की त्याने माझं नाव घेतलं. मी म्हटलं, घेतलं असेल बायकोपासून वाचायला. मित्राने नाव घेतलं तर आपण खोटं पाडायचं? म्हणून हो म्हटलं. पण रात्रभर झोप नाही. जर्दा त्याला वाईट आहे. जो कोणी आणतो त्याला तुम्ही थांबवा. मी तर स्वतःसुद्धा आषाढापासून खाल्लेलं नाही. एकट्याने काय खायचं?"

मी दुधाचं भांडं हातात धरून उभी राहिले. कोण आणतं? मोलकरीण पूजेपासून आलेली नव्हती. तारकबाबू सोडले तर बिछान्यापर्यंत जाणारी माणसं तीनच, वहिनी, मी आणि माधवराव. दादाला स्वतः दारापर्यंत चालवत नव्हतं. मग पान कुठून येणार? आणि पान नसेल तर तांबडं काय आहे?

जिना मी कशी चढले मला आठवत नाही. दूध सगळं सांडलं. दादा झोपला होता, किंवा मला तसं वाटलं. मी खिडकी सताड उघडली, त्याची हनुवटी धरली आणि ओठ बाजूला केले. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. पुसलं की पुन्हा येई, ओल आलेल्या भिंतीसारखं. सदऱ्याची बाही वर सारली तर दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. पाठीवर दुसरा. वहिनी अंग पुसायची ती पांघरुणाआड, थंडी वाजू नये म्हणून भराभर. मी ओरडले. वहिनी देवघरातून धावत आली.

"वहिनी, हे पान नाही. हे रक्त आहे."

"पण त्यांनी कबूल केलं," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः कबूल केलं ना?"

तारकबाबूंनी कोणाची तरी मोटार मिळवली. विसर्जनाच्या मिरवणुका दुसऱ्या दिवशीही संपलेल्या नव्हत्या. रस्त्यावर ट्रक, ढाक, गुलाल उधळत नाचणारी पोरं. तारकबाबू खाली उतरून काठी उगारत वाट करत होते, शिव्या देत होते. त्यांच्या तोंडून तशी भाषा मी पूर्वी ऐकली नव्हती. दादाचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. डोकं दुखतंय, एवढंच तो मधून मधून म्हणत होता.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. त्याने गोळ्यांची बाटली पाहिली, कॅप्सूल पाहिल्या आणि दोन्ही हातांत दोन धरून उभा राहिला.

"ही दोन्ही एकदम चालू होती? रक्त तपासलं नाही?"

मी सांगितलं. दार्जिलिंग, पूजेची सुट्टी, ताप, सगळं. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण झालं. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना अशी कॅप्सूल दिली की त्या गोळीचा जोर वाढतो, तो म्हणाला. तेव्हा रक्त रोजच्या रोज बघावं लागतं, गोळी कमी करावी लागते, वेळी बंदही. त्यात पोटात अन्न नाही. म्हणजे आणखी वाईट. हे सगळ्या डॉक्टरांना अजून माहीत नाही, असंही तो म्हणाला. ते त्याने आमच्यासाठी म्हटलं असावं. रक्त गोठायचं इंजेक्शन दिलं, रक्ताची बाटली लावली. पण डोक्यात रक्तस्राव सुरू झाला असण्याची भीती होती.

"तोंडातून रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?" त्याने विचारलं.

"सप्तमीला," वहिनी म्हणाली.

"सप्तमीला? आणि कोणी पाहिलं नाही?"

"मी पाहिलं. रोज मीच पाहत होते."

डॉक्टर काहीतरी विचारणार होता, पण तिच्याकडे बघून थांबला आणि नाडी मोजू लागला.

दुपारी दादाला थोडी जाग आली. एका डोळ्याची पापणी खाली आली होती, जीभ जड झाली होती. वहिनी त्याच्या तोंडाशी वाकली. तारकबाबू पायथ्याशी उभे होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस तिला तोवर झालं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "खाल्लं नव्हतंत ना तुम्ही?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग खोटं का बोललात? मला का नाही पुन्हा सांगितलंत? का हो कबूल केलंत?"

दादाला शब्द जुळवायला वेळ लागला.

"तू बोलत नव्हतीस," तो म्हणाला.

वहिनीने तोंडात पदर कोंबला. मग पदर काढला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला लागली. घरातलं बोलायला लागली. घट उठवायचे राहिलेत, ते वन्सं उठवतील. मोलकरीण उद्या येईल. खिडकीची कडी मोडलीय, सुतार बोलवायला हवा. तारकबाबू इथेच आहेत बरं का, मी त्यांना नाही नाही ते बोलले, ते मला माफ करतील. तुम्ही बरे झालात की साधं पान खा, मी आणून देईन, मी स्वतः लावून देईन. डाग पडू देत. तिचा आवाज कुठेच अडखळला नाही. नर्स दोनदा येऊन गेली. बाहेर उन्हं उतरली, वॉर्डातले दिवे लागले.

मध्येच केव्हा तरी दादाचा श्वास थांबला. तारकबाबूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. नर्सने येऊन मनगट धरलं, डोळे उघडून पाहिले आणि चादर वर ओढायला हात पुढे केला. मी तिचा हात धरून तिला थांबवलं. वहिनी अजून सांगतच होती, की दिवाळीला या वर्षी चिरोटे करू.